पहिलीच्या वर्गात जाण्यापूर्वी : एप्रिल ते जुलै या काळात घराने करावयाची तयारी

महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर, साधारणपणे १५ जूनच्या सुमारास उघडतात. विदर्भात उन्हाची तीव्रता लक्षात घेऊन ही तारीख आणखी आठवडा-पंधरा दिवस पुढे जाते. घरोघरची तयारी मात्र बहुधा शेवटच्या आठ दिवसांत, वह्या-पुस्तकांच्या दुकानासमोरच्या गर्दीत उरकली जाते. दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि रेनकोट घरात आले की सर्वांना हायसे वाटते, आणि पहिल्याच दिवशी लक्षात येते की मुलाला चड्डीचे बटण लावता येत नाही, डब्याचे झाकण उघडत नाही, सकाळी वेळेवर जाग येत नाही आणि अनोळखी बाईंना ‘मला शू लागली आहे’ एवढे सांगण्याचा धीर होत नाही. पहिलीत जाणारे मूल डोळ्यांसमोर ठेवून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. त्यातला क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे: आधी कागदपत्रे, मग आरोग्य, मग दिनक्रम आणि सवयी, आणि खरेदी सर्वांत शेवटी. दुकानात दहा जूनलाही सर्व काही मिळते. झोपेची वेळ मात्र दोन दिवसांत बदलत नाही आणि जन्मदाखल्यातील चूक आठवडाभरात दुरुस्त होत नाही.

एप्रिल : वय आणि कागदपत्रे

सर्वप्रथम मुलाचे वय तपासावे. राज्यातील नियमानुसार ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा आहे, त्या वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत मुलाची सहा वर्षे पूर्ण होत असतील, तर ते पहिलीच्या प्रवेशास पात्र ठरते. याचा अर्थ, डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये वर्गात बसते तेव्हा त्याचे वय जेमतेम साडेपाच वर्षांचे असते, आणि त्याच बाकावर शेजारी जवळजवळ वर्षभराने मोठे मूल असू शकते. या वयात एका वर्षाचे अंतर फार मोठे असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेले मूल नाजूक प्रकृतीचे असेल, उशिरा बोलायला लागले असेल किंवा गटात मिसळायला त्याला अजून वेळ लागत असेल, तर पालकांनी अंगणवाडीताईंशी किंवा बालवाडीच्या शिक्षिकेशी मोकळेपणाने बोलावे आणि आणखी एक वर्ष थांबण्याचा पर्याय मनापासून विचारात घ्यावा. ‘वर्ष वाया जाईल’ ही भीती निराधार आहे. वर्गात सतत मागे पडत राहिल्याने मुलाचा जो आत्मविश्वास जातो, तो भरून यायला एका वर्षाहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

त्यानंतर जन्मदाखला, मुलाचे आधारकार्ड, आईवडिलांची आधारकार्डे, रहिवासाचा पुरावा, लागू असल्यास जातीचा दाखला आणि तहसील कार्यालयाकडून मिळणारा उत्पन्नाचा दाखला हे सर्व एका फाइलमध्ये आणावे आणि प्रत्येक कागदावरील नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आडनाव व जन्मतारीख मराठीत आणि इंग्रजीत अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. एका कागदावर नावातील वेलांटी ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ, एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटी, असे फरक आज क्षुल्लक वाटतात. परंतु प्रवेशाच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जी नोंद होते, ती पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि तिथून पारपत्रापर्यंत मुलाची सोबत करते. नोंद झाल्यानंतर ती बदलायची असेल तर मूल शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते, आणि मुलाने शाळा सोडल्यानंतर ते काम आणखी अवघड होते. जातीच्या नोंदीचेही तसेच आहे. पुढे जात पडताळणी समितीपुढे जे पुरावे पाहिले जातात, त्यांत शाळेच्या रजिस्टरमधील नोंदीला मोठे महत्त्व असते. म्हणून प्रवेशअर्ज कोणाकडूनही भरून घेतला, तरी सही करण्यापूर्वी आईने किंवा वडिलांनी तो स्वतः वाचावा, आणि लिहिता-वाचता येत नसेल तर विश्वासातील व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

आधारबाबत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. पाच वर्षांखालील मुलाचे आधार काढताना त्याच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन घेतलेले नसतात. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ही माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि पाच ते सात या वयात ही नोंदणी विनामूल्य होते. जूनमध्ये आधार केंद्रांवर रांगा लागतात, त्यामुळे हे काम एप्रिलमध्येच उरकलेले बरे. ज्यांचे धाकटे मूल १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मले आहे, त्यांनी त्याचा जन्मदाखला विशेष जपावा, कारण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीनंतर या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे.

कागद अपुरे आहेत म्हणून कोणत्याही पालकाने मुलाला घरी ठेवू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, दुसऱ्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून मुलाला ताटकळत ठेवता येत नाही, आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही, असे हा कायदा सांगतो. देणगी मागण्यासही त्यात मनाई आहे. याच कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. त्यांची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मात्र शाळा उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. त्यामुळे त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला हिवाळ्यातच तयार ठेवावा.

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मूल जाणार असेल, तर शाळापूर्व तयारी मेळाव्याची तारीख विचारून घ्यावी. ‘पहिले पाऊल’ या नावाने २०२२ पासून राज्यात ही मोहीम चालते. पहिला मेळावा एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा शाळा उघडताना होतो. मेळाव्यात निरनिराळ्या टेबलांवर मुलाचा शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक आणि भाषिक विकास तसेच गणनपूर्व तयारी खेळांमधून पाहिली जाते आणि तिची नोंद विकासपत्रावर होते. मधल्या आठवड्यांत वस्तीतील मातांचे गट छोट्या कृती घरीच करून घेतात. या विकासपत्राकडे गुणपत्रिका म्हणून मुळीच पाहू नये. मुलाला काय जमत नाही हे एप्रिलमध्येच कळले, तर जूनपर्यंत दोन महिने हाताशी असतात, हा त्याचा खरा उपयोग आहे.

मे महिना : शरीराची तपासणी

पाच ते सहा वर्षे या वयात त्रिगुणी (डीपीटी) लसीचा दुसरा बूस्टर डोस द्यावयाचा असतो. बाळपणीच्या लसी नियमाने देणारी घरेही हा डोस विसरतात, कारण तोवर लसीकरणाचे कार्ड कपाटात खोल कुठेतरी गेलेले असते. ते शोधून प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवावे. तिथे हा डोस मोफत मिळतो. लस घेतल्यानंतर एखादा दिवस ताप किंवा दंडाला सूज येऊ शकते, हेही ती मे महिन्यात घेण्याचे एक कारण आहे.

डोळे आणि कान यांची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लहान मूल ‘मला नीट दिसत नाही’ असे सांगत नाही, कारण इतरांना वेगळे दिसते हे त्याला ठाऊकच नसते. मूल टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, किंवा एकाच बाजूला मान कलती ठेवत असेल, तर नेत्रतपासणी करून घ्यावी. पाठीमागून नेहमीच्या आवाजात हाक मारल्यावर ते वारंवार लक्ष देत नसेल, किंवा त्याचा कान सतत वाहत असेल, तर कानांच्या डॉक्टरांना दाखवावे. फळा न दिसणारे आणि बाईंचे बोलणे अर्धवट ऐकू येणारे मूल वर्गात ‘लक्ष नसणारे’ ठरते, आणि एकदा हा शिक्का बसला की तो पुसायला वर्षे जातात. दातांची कीड आणि डोक्यातील उवा यांचाही बंदोबस्त सुटीतच करावा. दम्याचा त्रास, फिट येणे, एखाद्या अन्नपदार्थाची किंवा औषधाची अॅलर्जी असे काही असेल, तर ते एका कागदावर डॉक्टरांच्या सल्ल्यासह लिहून वर्गशिक्षकांसाठी तयार ठेवावे. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने आजार लपवू नये. मुलाला मधल्या सुट्टीत दम लागला, तर जवळच्या मोठ्या माणसाला आधीच माहिती असणे हेच त्याचे संरक्षण आहे.

मे महिना : हात, भाषा आणि स्वतःची कामे

सुट्टीत मुलाला अक्षरे गिरवायला बसवावे का, हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. माझे उत्तर स्पष्ट आहे: मूल आपणहून मागत नसेल तर बसवू नये. पहिलीचा अभ्यासक्रम मुलाला काहीही लिहिता येत नाही असे गृहीत धरूनच आखलेला असतो, आणि ‘विद्याप्रवेश’ या राष्ट्रीय कार्यक्रमातही पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळांतून तयारी करून घेण्यासाठीच राखलेले आहेत. बोटांत ताकद नसताना हाती पेन्सिल दिली, तर मूल ती मुठीत धरते, जोर देऊन लिहिते, दमते आणि लिहिणे म्हणजे शिक्षा असे त्याच्या मनात बसते.

बोटांची ताकद घरातल्या कामांतून फार छान येते. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, लसणाच्या पाकळ्या सोलणे, कणकेचे छोटे गोळे करून त्यांची चिमणी-साप बनवणे, जुना कागद फाडून चिकटवणे, ठिपक्यांची रांगोळी काढणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, यांपैकी दोन कामे रोज आनंदाने झाली तरी जूनपर्यंत तीन बोटांत पेन्सिल धरण्याइतकी पकड तयार होते. गणिताचेही तेच. चमचे आणि वाट्या वेगळ्या करणे, पंगतीला किती पाने मांडायची ते मोजणे, आंब्याच्या पेटीतील पिकलेले आणि कच्चे आंबे निवडणे, ‘तुझ्या बशीत माझ्यापेक्षा जास्त आहेत की कमी’ हे विचारणे, यातून वर्गीकरण, एकास-एक संगती आणि कमी-जास्त या कल्पना पक्क्या होतात. शंभरपर्यंत पाढ्यासारखे म्हणणारे मूल पाच गोट्या उचलून देताना अडखळते, हे शिक्षकांच्या नेहमी पाहण्यात येते; म्हणून तोंडपाठापेक्षा प्रत्यक्ष मोजण्याला वेळ द्यावा.

भाषेच्या तयारीसाठी मुलाशी पुष्कळ बोलावे आणि त्याचे पुरते ऐकून घ्यावे. रात्री एक गोष्ट, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाने सांगायची, एवढा नेम पुरेसा आहे. आजी-आजोबा घरी असतील किंवा मूल सुट्टीत मामाच्या गावी गेले असेल, तर हे काम आपोआप होते. पालकांना आवर्जून सांगायचे ते हे की घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडी बोलली जात असेल, तर ‘शाळेत चालणार नाही’ म्हणून ती बंद करू नये. घरच्या भाषेत मोकळेपणाने, लांबलचक बोलणारे मूल पाठ्यपुस्तकाची भाषा लवकर आत्मसात करते. बोलताना सतत टोकले गेलेले मूल मात्र दोन्ही भाषांत गप्प होते. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत फार अंतर असेल, तर पुस्तकात नेहमी येणारे साधे शब्द गाण्यांतून कानावर पडू द्यावेत आणि ही बाब वर्गशिक्षकांनाही सांगावी.

स्वतःची कामे स्वतः करण्याचा सराव हा या महिन्याचा गाभा आहे. मुलाने शौचालयात एकट्याने जावे, कपडे सोडून पुन्हा घालावेत, स्वच्छता करावी, पाणी ओतावे आणि साबणाने हात धुवावेत. घरी कमोड असेल आणि शाळेत भारतीय बैठक असेल, तर त्याची सवय नातेवाइकांकडे किंवा अन्यत्र मुद्दाम करून द्यावी. शाळेतील शौचालय परके वाटते म्हणून दिवसभर लघवी रोखून धरणारी मुले, विशेषतः मुली, बऱ्याच असतात आणि त्यातून मूत्रमार्गाचे आजार उद्भवतात. डबा उघडणे व बंद करणे, बाटलीतून न सांडता पाणी पिणे, सँडलचा पट्टा लावणे, रेनकोट घालणे व घडी करणे, नाक पुसणे, आपल्या वस्तू ओळखणे आणि दप्तरात परत ठेवणे, ही कामे एका वेळी एक याप्रमाणे शिकवावीत. दोन मिनिटांचे काम मूल दहा मिनिटे करेल, तेव्हा ते हातातून काढून घेण्याचा मोह टाळावा.

आपले पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि एक फोन क्रमांक मुलाला पाठ असावा. त्याबरोबरच सुरक्षिततेचे बोलणेही याच महिन्यात, घाबरवल्याशिवाय करावे. शरीराच्या खासगी भागांना कोणी हात लावता कामा नये, तपासणीसाठी डॉक्टरांनी पाहायचे असेल तर आई किंवा बाबा सोबत असतील, कोणी ‘घरी सांगू नकोस’ म्हणाले तर ते आधी घरी सांगायचे, आणि सांगितल्यावर घरात कोणीही रागावणार नाही, एवढ्या चार गोष्टी अंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना सहज स्वरात पुन्हा पुन्हा सांगाव्यात. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक घरातील मोठ्यांनीही लक्षात ठेवावा.

शाळा उघडण्यापूर्वीचे तीन आठवडे : झोप आणि सकाळ

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. सुट्टीत रात्री अकराला झोपून सकाळी नऊला उठणाऱ्या मुलाला पंधरा जूनला एकदम सहा वाजता उठवले, तर ते रडणार, न खाता निघणार आणि दुसऱ्या तासाला पेंगणार. म्हणून शाळा उघडण्याच्या तीन आठवडे आधीपासून दर एक-दोन दिवसांनी झोपण्याची आणि उठण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद असावा. आणि हे केवळ मुलापुरते ठेवून चालत नाही, कारण शेजारच्या खोलीत मालिका चालू असताना कोणतेही मूल झोपत नाही. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत, असे राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांना सांगितले. आपल्या शाळेची आणि बसची नेमकी वेळ विचारून, त्यावरून उलट मोजत झोपेची वेळ ठरवावी.

शेवटच्या आठवड्यात सकाळची रंगीत तालीम घ्यावी. उठणे, शौच, अंघोळ, न्याहारी, गणवेश आणि शाळेपर्यंतचा रस्ता हे सर्व ठरल्या वेळेत करून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यावे. शक्य असेल तर शिक्षकांच्या परवानगीने वर्ग, पिण्याच्या पाण्याची जागा, शौचालय आणि मैदान मुलाला दाखवावे. पाहिलेल्या जागेची भीती निम्म्याने कमी होते.

याच आठवड्यात घरातील मोठ्यांनी एकत्र बसून कामे वाटून घ्यावीत. सकाळचा डबा कोण करणार, सोडायला कोण जाणार, आणायला कोण जाणार, मूल आजारी पडले तर रजा कोण घेणार, अचानक पाऊस झाला तर कोणाला फोन करायचा, हे आधी ठरले नाही तर सारा भार आईवर पडतो आणि पहिल्या महिन्यातच ती थकून जाते. दोघेही नोकरी करणारे असतील, शेतात पेरणीची घाई असेल किंवा वडील बाहेरगावी असतील, तर शेजारच्या एखाद्या विश्वासू घराशी आधीच बोलून ठेवावे.

जूनचा पहिला आठवडा : खरेदी

पाठ्यपुस्तके घाईने विकत घेऊ नयेत. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात आणि बहुधा शाळेच्या पहिल्या दिवशी, प्रवेशोत्सवातच वाटली जातात. पहिलीची नवी पुस्तके २०२५-२६ या वर्षापासून लागू झालेली असल्याने मोठ्या भावंडाचा जुना संच या वर्गासाठी उपयोगी पडेलच असे नाही. इतर वर्गांसाठी मात्र जुनी पुस्तके घेणे ही चांगली बचत आहे, फक्त आवृत्ती तपासून घ्यावी. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तके विनामूल्य पाहता येतात. वह्या शिक्षकांनी यादी दिल्यावरच आणाव्यात. वह्या, गणवेश किंवा बूट एका ठरावीक दुकानातूनच घेण्याची सक्ती शाळेला करता येत नाही.

दप्तराविषयीचे २०२० चे राष्ट्रीय धोरण सांगते की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे; पहिली-दुसरीसाठी ते १.६ ते २.२ किलो असे दिले आहे. अठरा-वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर याहून अधिक ओझे टाकू नये. म्हणून रिकामे दप्तरच हलके असावे, दोन्ही खांद्यांचे पट्टे रुंद असावेत, आणि वस्तू भरून एकदा घरच्या काट्यावर वजन करून पाहावे. शाळेत पिण्याच्या पाण्याची चांगली सोय असेल, तर लिटरभर पाण्याची बाटली वाहून नेण्याचे कारण नाही.

आपल्याकडे शाळा पावसात उघडते, आणि खरेदी करताना नेमका याचाच विसर पडतो. रेनकोट भडक रंगाचा आणि दप्तरासकट अंगावर येईल एवढा मोठा असावा. पहिलीतल्या मुलाला छत्री सांभाळता येत नाही. पावसाळ्यात बंद बूट आणि ओले मोजे यांमुळे पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, तेव्हा शाळेची हरकत नसेल तर पट्ट्याचे पावसाळी सँडल द्यावेत. कपडे वाळत नाहीत, म्हणून गणवेशाचे किमान दोन जोड हवेत. खालची दुमड सोडून वर्षभर वापरता येतील असे शिवून घ्यावेत आणि चड्डीला बटणाऐवजी इलॅस्टिक लावून घ्यावे. शाळेकडून मिळणारा गणवेश यायला वेळ लागला, तरी मुलाने स्वच्छ साध्या कपड्यांत शाळेत जावे. त्यासाठी एकही दिवस बुडवू नये. वह्यांना खाकी कव्हर घालून वर प्लॅस्टिकचे आवरण चढवावे, आणि रेनकोट, डबा, बाटली, कंपास, टोपी यांपैकी प्रत्येक वस्तूवर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहावे. कव्हरे घालण्याच्या कामात मुलाला सोबत घ्यावे. नव्या पुस्तकाचा वास घेत स्वतः चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठीचे त्याला फार अप्रूप असते.

रिक्षा किंवा बस ठरवताना दरापेक्षा सुरक्षितता आधी पाहावी. राज्याचे स्कूल बसविषयीचे नियम २०११ पासून आहेत. गाडीत प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि मुलांकडे लक्ष देणारी महिला मदतनीस आहे का, याची विचारणा करण्यात संकोच करू नये. रिक्षात किती मुले बसवली जातात हे स्वतः उभे राहून पाहावे. ग्रामीण भागातील मोठ्या बहिणीला बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, तो शाळा उघडताच काढून घ्यावा.

पहिला दिवस आणि पहिला आठवडा

सरकारी शाळांत पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो; फुले, गोड खाऊ आणि कुठे कुठे गावातून फेरीही निघते. त्या गडबडीत काही मुले बावरतात, तेव्हा मुलाला त्याची कल्पना आदल्या रात्रीच द्यावी. आदल्या दिवशीच दप्तर भरून, कपडे काढून ठेवावेत आणि सकाळी पोटभर पण साधे, नेहमीचेच खायला द्यावे.

निरोप थोडक्यात घ्यावा. ‘शाळा सुटली की आजी फाटकाजवळच्या लिंबाखाली उभी असेल’ असे नेमके सांगावे आणि आजीने दहा मिनिटे आधीच तिथे पोहोचावे. मूल खेळात गुंतलेले पाहून गुपचूप निघून जाऊ नये. दुसऱ्या दिवशी ते आईचा पदर सोडत नाही. वर्गाच्या खिडकीतून डोकावत राहणे, ‘रडलास तर बाई मारतील’ अशी भीती घालणे, किंवा ‘मी इथेच बसलेय’ असे खोटे सांगून जाणे, यांतील प्रत्येक गोष्ट शाळेवरचा आणि घरावरचा विश्वास कमी करते. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे, तेव्हा बाईंच्या माराचा बागुलबुवा घरातून तर मुळीच उभा करू नये.

पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळांत दुपारचे भोजन मिळते. प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. ओळीत बसून, आपल्या ताटात वाढलेले खाण्याचा सराव घरी झाला असेल तर मूल तिथे उपाशी राहत नाही. डबा न्यायचा असेल, तर तो पंधरा मिनिटांत संपेल एवढाच आणि एका हाताने खाता येईल असा द्यावा.

मूल घरी आल्यावर ‘आज काय शिकवले’ असे विचारले की ‘काही नाही’ असे उत्तर येते. त्याऐवजी आधी खायला द्यावे, थोडे पडू द्यावे आणि मग ‘तुझ्या शेजारी कोण बसले होते’, ‘बाईंनी कोणते गाणे म्हटले’, ‘कशाचा राग आला का’ असे छोटे प्रश्न विचारावेत. सुरुवातीला मूल दमून चिडचिड करते, घरी लवकर रडते, क्वचित रात्री अंथरूणही ओले करते. हे दोन-तीन आठवड्यांत ओसरते. तीन-चार आठवड्यांनंतरही रोज सकाळी पोट दुखत असेल, उलटी होत असेल, किंवा एखाद्या विशिष्ट व्यक्तीचे किंवा जागेचे नाव निघताच मूल घाबरत असेल, तर त्याला हट्ट समजू नये. शांतपणे विचारावे, वर्गशिक्षकांना भेटावे आणि गरज भासल्यास मुख्याध्यापकांकडे किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीकडे जावे. दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असे दप्तराच्या त्याच धोरणात म्हटले आहे. संध्याकाळ खेळासाठी मोकळी ठेवावी आणि पहिल्याच महिन्यात शिकवणी लावू नये.

जुलै : शाळेशी नाते

जूनअखेर किंवा जुलैत होणारी पहिली पालकसभा चुकवू नये, आणि तिला शक्यतो आई व वडील दोघांनी जावे. सरकारी आणि अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शौचालयाची दुरुस्ती, पिण्याचे पाणी, भोजनाची गुणवत्ता हे विषय तिथेच मांडता येतात. खासगी शाळांत शुल्क विनियमन कायद्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो, आणि शुल्कवाढीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढे येतो. सभेत सर्वांसमोर आपल्या मुलाचे दोष सांगू नयेत किंवा त्याची दुसऱ्याशी तुलना करू नये. त्यासाठी शिक्षकांची वेगळी वेळ मागावी. त्या भेटीत मुलाच्या आजाराचा कागद द्यावा, घरची भाषा सांगावी, मुलाला न्यायला कोणकोण येऊ शकते त्यांची नावे लिहून द्यावीत, आणि जनरल रजिस्टरमधील आपल्या मुलाची नोंद दाखवण्याची विनंती करून ती जन्मदाखल्याशी पुन्हा एकदा ताडून पाहावी. काही चूक आढळली तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.